आवलीने शेवट पाहिला का?



तुकाराम बीज आली की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. दुपारी बारा वाजता वैकुंठगमनाचे कीर्तन आणि फुलांची उधळण, आणि संध्याकाळी सगळ्या घराने एकत्र बसून पाहायचा प्रभातचा ‘संत तुकाराम’. शिवाजी पार्कच्या आमच्या घरी हा नेम फार वर्षांचा आहे. खिडकीतून मैदानावरच्या क्रिकेटचा आरडाओरडा येत असतो, कट्ट्यावरची मंडळी घरोघर परतत असतात, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत लहानमोठी दहा-बारा माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. या नेमाबद्दल आज तुमच्याशी बोलायचे आहे. चित्रपटाचे गुणदोष सांगेनच, पण तो पाहणाऱ्यांचेही गुणदोष सांगावे लागतील, आणि त्यात पहिला नंबर माझा आहे.

आधी चित्रपटाविषयी. तो १९३६ सालचा. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या दोघांनी तो दिग्दर्शित केला. दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, हाताने काम करणारे कारागीर. फत्तेलालांना सगळे साहेबमामा म्हणत. तुकोबांचा देहू गाव उभा करणारा कलावंत मुसलमान होता, याचे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संत मानणाऱ्या आपल्या संप्रदायाला नवल वाटायला नको. मुंबईत सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्या काळी प्रेक्षक चपला बाहेर काढून आत बसत, असे जुनी माणसे सांगत. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. त्यानंतर ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या घरी अख्खा मजला जमायचा, तेव्हाही संतपट असला की उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा. आता पडदा आपल्या खोलीत आला आहे. थांबवता येतो, मागे नेता येतो. चपला तर आपण आधीच काढलेल्या असतात, त्यामुळे त्या काढण्यातला भाव मात्र वेगळा आणावा लागतो.

सिनेमा आणि घर यांचे नाते आमच्या दादरला नवे नाही. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून दादासाहेब फाळक्यांच्या मनात आपले देव पडद्यावर आणायचे आले. तो चित्रपट पुन्हा पाहायला ते पत्नीला, सरस्वतीबाईंना, सोबत घेऊन गेले. पुढे दादरच्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि १९१३ साली लोकांसमोर आला. सरस्वतीबाईंनी फिल्मला भोके पाडली, ती धुण्याच्या कामात हात घातला आणि त्या सगळ्या मंडळींचे जेवणही रांधले. मुलगा भालचंद्र पडद्यावर रोहिदास झाला. आपला पहिला चित्रपट असा घरात, स्वयंपाकघराच्या शेजारी जन्मला. हे स्वयंपाकघर लक्षात ठेवा, माउली. पुढे त्याचे काम आहे.

आता ‘संत तुकाराम’ चांगला कशामुळे, ते पाहू. विष्णुपंत पागनीस मुळात रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. तुकोबा करताना त्यांनी नाटकी हातवारे टाकून दिले. त्यांचे चालणे हळू, बोलणे मऊ, आणि गाणे असे की समोर श्रोता असो वा नसो, फरक पडत नाही. कीर्तनकाराने त्यांच्याकडून एक गोष्ट शिकावी, ती म्हणजे आवाज न चढवता अभंग म्हणणे. पुढे लोक त्यांना तुकोबा समजूनच नमस्कार करू लागले, यात नटाचा मोठेपणा आहे आणि लोकांचा भाबडेपणाही.

पण माझ्या मते चित्रपटाचा प्राण आवली आहे. चित्रपटात तिला जिजाई म्हणतात. ती भूमिका गौरी या बाईंनी केली. त्या काही नावाजलेल्या नटी नव्हत्या. प्रभातमध्ये लहानसहान कामे करता करता पडद्यावर आलेल्या. त्यांच्या चालण्यात, पदर खोचण्यात, ओरडण्यात कुठेही शिकवलेपणा नाही. मुलाच्या दुखण्याने हैराण झालेली ही बाई हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. हा प्रसंग आला की आमच्याकडे हशा पिकतो. तुमच्याकडेही पिकत असेल. आपण कीर्तनातसुद्धा आवलीचे नाव काढले की श्रोत्यांना हसवून घेतो. ती कजाग, ती करवादणारी, ती संताला न ओळखणारी.

दामले-फत्तेलाल तिला हसत नाहीत. ते तिचे रिकामे मडके दाखवतात, भुकेली पोरे दाखवतात आणि मग तिचा राग दाखवतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपण कीर्तनात फक्त राग सांगतो, मडके सांगायचे राहून जाते. शिवाजी महाराजांकडून आलेला नजराणा तुकोबा परत पाठवतात, तेव्हा त्यांचे वैराग्य आपल्याला दिसते. तोच नजराणा घरातून परत जाताना पाहणाऱ्या बाईला काय दिसत असेल, हेही चित्रपट दाखवतो. तुकोबांना तो लहान करत नाही आणि आवलीलाही खोटी ठरवत नाही. एकाच घरात दोन खरी माणसे राहतात आणि दोघांचे खरे वेगळे असते, हे पडद्यावर आणणे फार अवघड काम आहे.

दोषही सांगतो. पहिला दोष सालोमालो. हे नाव गाथ्यातले आहे, दुसऱ्याची वाणी आपली म्हणून मिरवणाऱ्याचे. चित्रपटाने त्याच्यात सगळा विरोध कोंबला आणि त्याचे सोंग केले. मुले त्याला पाहून खूश होतात, पण तुकोबांना झालेला विरोध एका हास्यास्पद माणसाचा मत्सर होता, असा समज त्यांच्या मनात बसतो. वेदांचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाला, हा खरा प्रश्न होता आणि तो विचारणारे लोक विद्वान होते. रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे भक्त झाले, ही गोष्ट म्हणूनच मोठी आहे. विदूषकाचे मन बदलले तर त्यात नवल काय?

दुसरा दोष चमत्कारांचा. कीर्तनात महाराजांना वाचवण्यासाठी अनेक शिवाजी प्रकट होतात, शेवटी गरुडाचे विमान येते. त्या काळाच्या मानाने हे काम उत्तम आहे, पण आजच्या मुलांना त्यातली करामत तेवढी दिसते. त्यांच्यावर रागावू नका. त्यांना विचारा, गाथा नदीतून वर आली म्हणजे काय झाले? परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते आधी स्वतःच्या हाताने इंद्रायणीत सोडली होती. ऋणको सुटले, ती खते कोणी आठवून पुन्हा लिहिली नाहीत. गाथा मात्र लोकांच्या मुखात होती, म्हणून ती बुडू शकली नाही. हा अर्थ सांगितला की मुले गप्प होतात. आमची तरी झाली.

तिसरी गोष्ट दोष म्हणून सांगत नाही, सावधगिरी म्हणून सांगतो. बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्ताचे जे पद या चित्रपटामुळे घरोघरी गेले, ते शांताराम आठवले यांनी लिहिलेले आहे. कितीतरी लोक ते तुकोबांचा अभंग समजून गातात. आठवल्यांना याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही, पण आपल्याला ती चूक शोभत नाही. चित्रपट पाहताना गाथा जवळ असावी. जे पद कानावर येईल ते गाथ्यात शोधावे. सापडले तर आनंद, नाही सापडले तर ज्ञान.

आता माझ्या घरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय वरचे सगळे बोलणे कोरडे राहील.

मागच्या बिजेला नेहमीप्रमाणे सगळे बसलो होतो. गाथा इंद्रायणीत गेली, तुकोबा काठावर धरणे धरून बसले. माझी नात पाण्यासाठी आत गेली आणि तिने आजीला विचारले, “आजी, शेवटी आवलीपण विमानात बसते का गं?” आमच्या सौ. पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, “मला काय विचारतेस? मी शेवट कधी बघितलाय?”

मी बाहेरून ऐकले. पडदा चालू होता, मला पुढचे काही दिसेना. इतकी वर्षे आमच्याकडे हा चित्रपट लागतो. इतकी वर्षे तो संपला की दहा मिनिटांत पाने मांडली जातात, गरम पोळी वाढली जाते, आणि जेवताना मी आवलीवर छोटेसे चिंतन सांगतो. ती पोळी कधी लाटली गेली, हा हिशेब मी केला नव्हता. तुकोबा वैकुंठाला निघायचे तेव्हा दर वर्षी आमच्या घरची आवली तव्यापाशी असायची.

मग दुसरा हिशेब आपोआप सुरू झाला. मी आळंदीहून पायी वारीला जातो. अठरा-वीस दिवस, सुमारे अडीचशे किलोमीटर. गावोगाव लोक आम्हाला माउली म्हणून पाया पडतात. त्या दिवसांत घरचे दुखणेखुपणे, पावसाची गळती, मुलांच्या शाळा कोणी पाहिल्या? आषाढीला सौ. वडाळ्याच्या विठ्ठलाचे दर्शन घेऊन तासाभरात परत यायच्या, कारण घरी कोणी तरी हवे. मी पंढरपूरहून आणलेला प्रसाद त्यांच्या हातावर ठेवायचो आणि वारी पुरी झाली म्हणायचो.

प्रभातने १९४१ साली ‘संत सखू’ काढला. सखूची कथा तुम्हाला ठाऊक आहे. तिला पंढरीला जाता यावे म्हणून देव स्वतः सखू होऊन तिच्या सासरी राहिला, तिची कामे त्याने केली. जनाबाईच्या जात्यालाही त्याचाच हात लागला. आपण या कथा डोळे पुसत ऐकतो. देवाने घरकाम केले हे ऐकून आपल्याला गहिवर येतो, आणि आपण पाट उचलून ठेवत नाही.

यंदाच्या बिजेला साधा बदल केला. स्वयंपाक दुपारीच उरकला. पोळ्या मुलाने आणि मी केल्या, त्या कशा झाल्या ते विचारू नका. संध्याकाळी सौ. मधोमध बसल्या. पायताणाच्या प्रसंगाला नातवंडे हसली, त्या हसल्या नाहीत. शेवटी तुकोबा आवलीला चल म्हणतात. तिच्यापुढे घर आहे, मुले आहेत. ती जात नाही. पडदा काळा झाला, कोणी दिवा लावला. थोड्या वेळाने सौ. म्हणाल्या, “बरं झालं राहिली. पण त्यांनी अजून एकदा विचारायला हवं होतं.”

मी पुष्कळ कीर्तने ऐकली आहेत, थोडीफार केलीही आहेत. या प्रसंगावर एवढे नेमके निरूपण मला कधी सुचले नव्हते.

माउली, एक गोष्ट तुम्हाला आठवून देतो. तुकोबा गेले तेव्हा आवली गरोदर होती, असे परंपरा सांगते. तिच्या पोटी जन्मले ते नारायण महाराज. पित्याला त्यांनी पाहिले नाही. त्याच नारायण महाराजांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरीला नेण्याचा सोहळा सुरू केला. आज लाखो लोक ज्या पालखीमागे चालतात, ती आवली घरी राहिली म्हणून निघाली. ती विमानात बसली असती तर तुमच्या-माझ्या खांद्यावर पताका कुठून येती? चित्रपट हे सांगत नाही, तो विमानाबरोबर संपतो. पुढची गोष्ट घरातल्या मोठ्यांनी मुलांना सांगायची आहे.

म्हणून येत्या बिजेला हा चित्रपट जरूर पाहा. दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गाथा जवळ ठेवा. मुलांनी प्रश्न विचारला तर चित्रपट थांबवा, उत्तर द्या, मग पुढे चला. आणि सुरू करण्याआधी एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहा. तिथे कोणी असेल तर अजून सुरू करू नका. आधी जाऊन विचारा, आणि नाही म्हटले तर अजून एकदा विचारा.

रामकृष्ण हरि.