भेसज्जक्खन्धक आणि मात्रेचा प्रश्न

महावग्गाचा सहावा खंड, भेसज्जक्खन्धक, आपल्याकडे भिक्खूंच्या आचारनियमांचा भाग म्हणूनच वाचला जातो. आमच्या मते औषधे सिद्ध करण्याविषयीचे ते एक फार जुने भारतीय लेखन आहे, आणि त्याची चिकित्सा त्याच अंगाने व्हावयास हवी.

तूप, लोणी, तेल, मध व फाणित ही पाच औषधे सात दिवसच जवळ ठेवावीत, हा नियम बहुतेकांस ठाऊक असतो. पुढचे सहसा कोणी वाचीत नाही. तेथे कडुनिंब, कुटज व करंज यांचे कषाय आहेत, मुळे वाटण्यास पाटा-वरवंटा आहे, चूर्णासाठी चाळणीही आहे. यांतील कुटज वैभववाडीच्या वाचकांस परका नाही. रानातला पांढरा कुडा तो हाच. अतिसारावर त्याची साल देण्याची चाल कोकणात जुनी आहे. (काळा कुडा वेगळा, तेथे पुष्कळांची गल्लत होते.)

पण साल किती घ्यावी? येथे खन्धक मौन धरतो. काय चालेल एवढेच तो सांगतो; बाकीचे शुश्रूषा करणाऱ्यावर सोपवितो, आणि औषध सिद्ध करता येणे हा त्याचा पहिला गुण मानतो. मात्रेचा हिशोब दिसतो तो आठव्या खंडातील जीवकाच्या कथेत: औषधभावित कमळांच्या तीन मुठी, प्रत्येकीने दहा, असे तीस रेच. शार्ङ्गधरसंहितेत मात्र आरंभीच मानपरिभाषा येते. काढ्यास एक पल द्रव्य, सोळापट पाणी, आटवून आठवा हिस्सा. तान्ह्या मुलास पहिल्या महिन्यात एक गुंज, पुढे दरमहा एकेक वाढवीत.

हे अंतर झाकू नये. श्रमणपरंपरेत अनुभवाधिष्ठित वैद्यक वाढले, हे केनेथ झिस्क यांचे 1991 मधील प्रतिपादन आम्हांस पटते. त्यावरून सारा आयुर्वेद विहारातूनच निघाला असे आपल्यातील काहीजण म्हणतात, ते पटत नाही. जे लिहिलेले आहे तेच पुरेसे भक्कम आहे. मनुस्मृती वैद्याचे अन्न त्याज्य ठरविते. इकडे आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांचे चीवर फोडांच्या स्रावाने अंगास चिकटते, भिक्खू ते पाण्याने भिजवून सोडवीत असतात. भगवान बुद्ध ते पाहतात, चौकशी करतात आणि चूर्णाची अनुज्ञा देतात.