मुंगी ‘तो’ असते तेव्हा: क्रिलोव्ह हिब्रूत

भाषांतरावर लिहायला बसलं की आपण काय करतो? मूळ संहिता शेजारी ठेवतो आणि काय ‘सुटलं’ याची यादी करतो. मीही तेच करायचो. इव्हान क्रिलोव्हच्या (१७६९–१८४४) रशियन बोधकथांचं सचित्र हिब्रू भाषांतर तपासायचं असेल, तर ही यादी पुरत नाही. एकाच कथेवरून बघू.

कथा ओळखीची आहे. उन्हाळाभर गाण्यात रमलेला कीटक थंडीत मुंगीच्या दारी येतो आणि मुंगी म्हणते, आता नाच! ला फोंतेनच्या फ्रेंच कथेत दोन्ही पात्रं स्त्रीलिंगी. रशियनमध्ये मुंगी म्हणजे ‘मुरावेय’, पुल्लिंगी. क्रिलोव्हने तिच्यासमोर उभी केली ‘स्त्रेकोझा’, म्हणजे आपला चतुर. रशियनमध्ये ती स्त्रीलिंगी. पण चतुर कुठे गातो, कुठे उड्या मारतो? लेव्ह विगोत्स्कीने १९३४च्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात नेमकं यावर बोट ठेवलंय: बागडणारी ‘ती’ हातची जाऊ नये म्हणून क्रिलोव्हने नाकतोडा सोडला. म्हणजे ‘अचूकता’ मुळातच नव्हती!

आता हिब्रू. मुंगी म्हणजे ‘नेमाला’, स्त्रीलिंगी. चतुर ‘शापिरीत’, तीही स्त्रीलिंगी. हे शब्द घेतले तर दोन शेजारणी समोरासमोर येतात. रातकिडा, म्हणजे ‘त्सर्त्सार’ घेतला तर तो पुल्लिंगी: आळशी बुवा आणि कष्टाळू बाई. क्रिलोव्ह चक्क उलटा!

चित्रकाराचीही यातून सुटका नाही. पात्राला झगा घालायचा की टोपी, हे त्याला ठरवावंच लागतं. शब्द ‘त्सर्त्सार’ आणि चित्रात नटवी बाई असेल, तर ते पान स्वतःशीच भांडतं.

आणखी एक गोष्ट. बोधकथेला हिब्रूत ‘माशाल’ म्हणतात. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचं ‘मिश्ले’ हे नावही त्याच शब्दाचं रूप. त्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडून शिकायला सांगितलंय. त्यामुळे ते पुस्तक माहीत असलेला वाचक कथा सुरू होण्याआधीच मुंगीच्या बाजूला झुकलेला असतो. तिचा कठोरपणा त्याला सहज शहाणपण वाटू शकतो.

म्हणून माझं मत ‘शापिरीत’ला. स्त्री-पुरुषातला टोमणा गळतो, हे नुकसान मान्य. पण दारात भुकेली शेजारीण उभी राहते आणि मुंगीचा नकार बोचू लागतो. चित्रात ते बंद दार ठळक दिसलं, तर भाषांतर आणि चित्र एकाच दिशेने काम करतात.

तेव्हा परीक्षणात ‘लिंग बदललं’ एवढंच नोंदवून थांबू नका. ती नोंद झाली, निष्कर्ष नाही. त्या बदलामुळे वाचकाची सहानुभूती कुणाकडे सरकली, ते लिहा. सराव हवाय? मराठीत मुंगी ‘ती’, चतुर ‘तो’. बघा बरं, आपल्याकडे कोण जिंकतं!