हे पुस्तक तिच्या भावाला द्या

पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘मादोरुबागन’बद्दल आपल्याकडे जे काही बोललं गेलं, ते बहुतेक वादाबद्दल. २०१० साली आलेली ही तमिळ कादंबरी, मग ‘वन पार्ट वुमन’ हा इंग्रजी अनुवाद, निदर्शनं, जानेवारी २०१५मध्ये लेखकाने फेसबुकवर स्वतःतला लेखक मेल्याचं जाहीर करणं, २०१६चा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल. सगळं महत्त्वाचंच. पण ज्यांची ही गोष्ट, ते नवरा-बायको त्या गदारोळात मागे राहिले.

काली आणि पोन्ना. लग्नाला बारा वर्षं झालीत, मूल नाही. एकमेकांवर जीव आहे, शेत आहे, गुरं आहेत. कालीने सासुरवाडीच्या अंगणात लावलेलं रोप आता मोठं झाड झालंय. त्याच्या सावलीत तो पडलेला असताना कादंबरी सुरू होते. बाकी सगळं कसं वाढत गेलं ते दाखवत मुरुगन मूल नसण्याचं दुःख सांगतात.

मी हे वाचलं तेव्हा आमच्या उपचारांचं तिसरं वर्ष चालू होतं. इंजेक्शनं, सोनोग्राफी, वाट बघणं, पुन्हा पाळी. त्यामुळे पोन्नाला बसणारे टोमणे मला नवे नव्हते. बोचलं ते वेगळंच. इथे सगळ्यात खोल जखम करणारी माणसं दुष्ट नाहीत. तिरुचेंगोडच्या अर्धनारीश्वराच्या उत्सवात, एका रात्री, मूल नसलेल्या बाईने परपुरुषापासून गर्भ मिळवावा आणि तो देवाचा प्रसाद मानावा, अशी रीत कादंबरीत आहे. दोघांच्या आया हा उपाय सुचवतात. पोन्नाचा भाऊ मुत्तु हा कालीचा जिवलग दोस्त. तो कालीला दारू प्यायला लांब घेऊन जातो. नवऱ्याची संमती आहे, असं पोन्नाला सांगितलं जातं. सगळे मदतच करत असतात! फक्त त्या दोघांना खरं सांगून कुणी विचारत नाही.

माझी एक तक्रार आहे. शेवट कालीच्या संतापापाशी थांबतो, पोन्नाची दुसऱ्या दिवशीची सकाळ आपल्याला दिसत नाही. तिच्यासाठी पुढच्या दोन कादंबऱ्यांकडे जावं लागतं. एकीत काली गेलेला आहे, दुसरीत तो जगलाय. पहिलीत, ‘आलवायन’मध्ये, त्याच दोन आया पोन्नाला एकटं पडू देत नाहीत. ज्यांनी घात केला त्याच आता सोबत करतात, आणि मुरुगन त्यांना माफही करून टाकत नाहीत. हे मला फार खरं वाटलं.

क्लिनिकच्या बाकड्यावर ओळख झालेल्या एका मैत्रिणीने परवा हे पुस्तक मागितलं. रिपोर्ट यायचा होता, म्हणून तिला म्हटलं, आत्ता नको. तिच्या भावाला दिलं. तो तिला दर आठवड्याला नव्या वैद्याचा नंबर पाठवतो, अगदी प्रेमाने.

तुमच्या घरात असं जोडपं असेल तर आधी तुम्ही वाचा. मुत्तुपाशी जरा जास्त वेळ थांबा. आणि पुढचा नंबर पाठवण्याआधी एवढंच विचारा: हवाय का?