सूक्ष्मजेलांच्या वर्णनातील एक विभक्तिदोष

तापमानानुसार आकारमान बदलणाऱ्या सूक्ष्मजेलांविषयीच्या लेखनात ‘तापविल्यावर कण पाण्यात आक्रसतो’ अशा धर्तीचे वाक्य वारंवार आढळते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु त्यात कर्तृत्व सर्वस्वी कणाकडे जाते आणि पाणी सप्तमीत, केवळ अधिकरण म्हणून, उरते. ही विभागणी वस्तुस्थितीला धरून आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइड या बहुवारिकाचे उदाहरण घ्यावे. त्याचे सूक्ष्मजेल थंड पाण्यात फुगलेले असते. सुमारे ३२° सेल्सिअसच्या वर त्यातील बरेचसे पाणी बाहेर पडून ते आक्रसते. याचे कारण म्हणून ‘जलद्वेष’ पुढे केला जातो. परंतु केवळ द्वेषच असता, तर थंड पाण्यात कण फुगलाच नसता. साखळीतील अमाइड गट पाण्याशी हायड्रोजन-बंध जोडतात, तर आयसोप्रोपिल गटांभोवती पाण्याचे रेणू विशिष्ट रचनेत बांधले जातात. तापमान वाढले की ही बांधणी सुटते व मोकळ्या झालेल्या पाण्याची एन्ट्रॉपी वाढते. म्हणजे क्रियेचा मोठा वाटा तथाकथित अधिकरणाचाच होय.

विद्रावक बदलला की हा दोष अधिकच उघड होतो. शुद्ध मिथेनॉलमध्येही हा कण फुगतो. तेथे मात्र नेहमीच्या तापमानपल्ल्यात तो तापवूनही आक्रसत नाही. दोन्ही द्रव अनुकूल, तेव्हा त्यांचे मिश्रणही अनुकूल असावे, असा तर्क सहज होतो. प्रत्यक्षात विशिष्ट प्रमाणातील मिश्रणात कण न तापविताच आक्रसतो. मिथेनॉल आणखी वाढविल्यास तो पुन्हा फुगतो. कणाच्या अंगभूत ‘द्वेषा’ने याचा उलगडा होत नाही.

तानाका, कोगा व विनिक यांनी २००८ मध्ये साखळीवरील जागांसाठी पाणी व मिथेनॉल यांच्यात चालणाऱ्या स्पर्धेवर भर दिला. मुखर्जी, मार्क्स व क्रेमर यांनी २०१४ मध्ये मिथेनॉलचे रेणू साखळीचे दूरचे भाग एकमेकांशी सांधतात, असे प्रतिपादन केले. या उपपत्ती भिन्न असल्या, तरी दोहोंत विद्रावकाला कर्तृत्व आहे.

केवळ पाण्याचाच प्रश्न असेल तेथे ‘जलद्वेष’ हा शब्द सोयीचा आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु संज्ञेने विद्यार्थ्याला पुढील प्रयोगाचे भाकीत करता आले पाहिजे. ही संज्ञा मिश्रणापाशी त्याला चुकीच्या उत्तराकडे नेते. संबंधाला गुण मानणे हा येथील मूळ दोष आहे, आणि तो प्रयोगशाळेत नव्हे, वाक्यात दुरुस्त करावयाचा आहे.