साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पवित्र शास्त्र

पुणे-सोलापूर महामार्गावरचे टेंभुर्णी हे उसाच्या फडांचे आणि उजनीच्या पाण्याचे गाव. येथे कॅथलिक कुटुंबे मोजकी, आणि रविवारच्या मिस्सेनंतर धर्मशिक्षणाला बसणारी मुले तर हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. २०२३ सालच्या पावसाळ्यात त्यांत दोन चुलत भावंडे होती, दोघेही दहावीत. मुलगी राज्य मंडळाच्या मराठी शाळेत, मुलगा केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी शाळेत. उत्पत्तीच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय वाचून झाले आणि मुलीने विचारले, "फादर, विज्ञानाच्या पेपरात माणूस उत्क्रांतीनं झाला असं लिहायचं, आणि इथं देवानं मातीतून घडवला असं म्हणायचं. मग खरं कुठलं?" प्रश्न रास्त होता. परंतु आम्हांला अधिक अस्वस्थ केले ते तिच्या भावाच्या चेहऱ्याने. त्याला प्रश्नच कळला नव्हता. त्याच्या पुस्तकात तो भाग नव्हता.

उत्तर आम्ही पुढल्या रविवारवर ढकलले. मधल्या आठवड्यात एक जुने नाटक पुन्हा वाचून काढले. जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ई. ली या लेखकद्वयाचे 'इनहेरिट द विंड' हे ते नाटक. १९५५ साली ते अमेरिकन रंगभूमीवर आले आणि १९६० साली स्टॅन्ले क्रेमर यांनी त्यावर चित्रपट काढला. तो आम्ही सेमिनरीत असताना पाहिला होता. शाळेत उत्क्रांती शिकवावी की शिकवू नये, या वादाकडे सुशिक्षित माणूस आज ज्या नजरेने पाहतो, ती नजर घडवण्यात या कलाकृतीचा मोठा वाटा आहे. म्हणूनच तिची पारख आपल्या वाचकांनीही करावी, असे आम्हांला वाटते.

कथानक थोडक्यात असे. हिल्सबरो नावाच्या गावात बर्ट्रम केट्स हा तरुण शिक्षक वर्गात डार्विनचा सिद्धांत शिकवतो. तसे शिकवणे कायद्याने निषिद्ध असल्यामुळे पडदा उघडतो तेव्हा तो तुरुंगात आहे. त्याच्याविरुद्ध उभे राहण्यास मॅथ्यू हॅरिसन ब्रेडी हा विख्यात वक्ता येतो, तर बचावासाठी हेन्री ड्रमंड हा नास्तिक म्हणून गाजलेला वकील. न्यायाधीश शास्त्रज्ञांची साक्ष घेऊ देत नाहीत, तेव्हा ड्रमंड एक अजब खेळी खेळतो. बायबलचा जाणकार म्हणून तो खुद्द ब्रेडीलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो. पुढची उलटतपासणी हा या नाटकाचा गाभा आहे. चित्रपटात स्पेन्सर ट्रेसी आणि फ्रेडरिक मार्च या दोन कसलेल्या नटांनी ती अशी रंगवली आहे की प्रेक्षक हसत राहतो. आम्हीही सेमिनरीत हसलो होतो. या वेळी वाचताना मात्र ते हसू ओठांवर आले नाही.

नाटकाला आधार आहे तो १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन या गावी चाललेल्या खटल्याचा. जॉन स्कोप्स हा चोवीस वर्षांचा शिक्षक आरोपी होता. क्लॅरेन्स डॅरो त्याच्या बाजूने उभे राहिले, तर राष्ट्राध्यक्षपदासाठी तीनदा उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन सरकार पक्षाला साहाय्य करण्यास आले. १० जुलैला सुरू झालेला खटला २१ जुलैला संपला आणि स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. १९२७ साली वरिष्ठ न्यायालयाने एका तांत्रिक चुकीवर बोट ठेवून ती शिक्षा रद्द केली. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

इतिहास आणि नाटक यांत अंतर आहे, आणि ते लेखकांनी प्रस्तावनेत लपवलेलेही नाही. खरा स्कोप्स तुरुंगात नव्हता. कायद्याची कसोटी पाहण्यासाठी तो स्वखुशीने आरोपी झाला होता, आणि आपल्या गावाचे नाव होईल म्हणून गावातल्या पुढाऱ्यांनीच तो घाट घातला होता. ब्रेडी न्यायालयातच कोसळतो. ब्रायन मात्र निकालानंतर पाच दिवसांनी, रविवारी दुपारी झोपेत वारले. शिवाय लेखकांचा रोख डार्विनवर नव्हताच. मॅकार्थीच्या काळात विचार करण्याचाच गुन्हा ठरू लागला होता, त्यावर त्यांना बोलायचे होते. कलावंताला एवढे स्वातंत्र्य असतेच. आमची तक्रार निराळी आहे.

पहिली तक्रार ब्रेडीच्या चित्रणाबद्दल. अधाशी खाणारा, टाळ्यांसाठी हपापलेला, प्रश्नांपुढे बावरणारा असा हा माणूस आहे. खऱ्या ब्रायन यांनी पिंजऱ्यात उभे असताना, सृष्टीचे सहा दिवस हे चोवीस तासांचेच असतील असे नाही, हे मान्य केले होते. त्यांची भीतीही पोकळ नव्हती. बलवानाने दुर्बलाला तुडवावे हाच निसर्गनियम, असे उद्या मुले म्हणू लागतील, ही ती भीती. डेटनच्या वर्गातील 'सिव्हिक बायॉलॉजी' हे पाठ्यपुस्तक मानववंशांची श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड लावत होते आणि 'निकृष्ट' मानलेल्या माणसांची संतती थांबवावी असे सुचवत होते. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा सक्तीच्या शस्त्रक्रियेला मान्यता दिली, तेव्हा नऊ न्यायाधीशांपैकी एकट्या पिअर्स बटलर यांनी विरोधी मत नोंदवले. ते कॅथलिक होते. म्हणजे ब्रायन चुकले ते निदानात नव्हे, औषधात. त्या पुस्तकातील अन्यायाचे उत्तर त्यांनी विज्ञानाच्या बंदीत शोधले. नाटकाने ही गुंतागुंत ठेवली असती, तर ड्रमंडचा विजय इतका सोपा झाला नसता आणि नाटक मोठे झाले असते.

तरीही एक प्रसंग आम्हांला फार मोलाचा वाटतो. गावचा पाळक रेव्हरंड ब्राउन भर प्रार्थनासभेत केट्ससाठी आणि त्याची बाजू घेणाऱ्या स्वतःच्या मुलीसाठीही शाप मागू लागतो. त्याला अडवतो तो ब्रेडी. त्यासाठी तो नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायातील ज्या वचनाची आठवण देतो, त्यातूनच नाटकाचे नाव आले आहे. जो आपल्याच घरात कलह माजवतो त्याच्या हाती अखेर वारा तेवढा उरतो, असा त्या वचनाचा आशय. ज्याला लेखकांनी एरवी हास्यास्पद केले, त्याच्याच तोंडी त्यांनी नाटकातील सर्वांत शहाणे बोल घातले. आम्हां धर्मगुरूंनी तर हा प्रसंग विसरू नये. प्रश्न विचारणारे मूल आपल्याच घरचे असते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. या रंगमंचावर माणसे दोनच प्रकारची आहेत. विज्ञानाला घाबरणारे श्रद्धावंत, आणि श्रद्धेपासून दूर गेलेले विचारवंत. शेवटी ड्रमंड डार्विनचे पुस्तक आणि बायबल दोन हातांत तोलून पाहतो आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवतो. हा शेवट हृद्य आहे, पण ती दोन पुस्तके एका मनात कशी नांदतात, हे दाखवणारे एकही पात्र नाटकात नाही. तिसरा साक्षीदार बोलावलाच गेला नाही.

प्रत्यक्ष जीवनात तो आला, पण ऐंशी वर्षांनी. २००५ साली पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथे, जीवसृष्टीमागे बुद्धिमान रचनाकार असल्याचे मत विज्ञानाच्या तासाला आणावे की नाही, यावर खटला चालला. आक्षेप घेणाऱ्या पालकांच्या बाजूने पहिली साक्ष झाली ती केनेथ मिलर या जीवशास्त्रज्ञाची. ते श्रद्धावंत कॅथलिक आहेत आणि शाळांत वापरल्या जाणाऱ्या जीवशास्त्राच्या पुस्तकाचे सहलेखकही. त्यांच्यामागून जॉन हॉट हे कॅथलिक ईशज्ञानी साक्षीला आले. परमेश्वरावरील विश्वास सोडून नव्हे, तर तो बाळगूनच विज्ञान शिकवावे, असे सांगणारी माणसे अखेर पिंजऱ्यात उभी राहिली आणि न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला.

आता आपल्या अंगणात येऊ. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबाद येथे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीय दृष्ट्या चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलावा असे म्हटले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र येऊन त्याचा प्रतिवाद केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये डार्विन आणि आइन्स्टाइन यांचे सिद्धांत चूक ठरवावेत अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि सुधांशू धुलिया यांनी ती फेटाळली. ज्याला हे सिद्धांत चूक वाटतात त्याने आपले मत खुशाल मांडावे, त्यासाठी मूलभूत हक्कांची याचिका कशाला, असा त्यांचा सूर होता. विज्ञानातील सत्य न्यायासनावरून ठरत नाही, एवढा विवेक आपल्या न्यायालयाने दाखवला.

आपल्याकडे खरी घटना न्यायालयाबाहेर घडली, आणि निमूटपणे. त्याच वर्षी केंद्रीय मंडळाच्या शाळांतील दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याची नुसती 'आनुवंशिकता' झाली. कारण सांगितले गेले ते महामारीनंतर मुलांवरील भार हलका करण्याचे. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय राहिला, पण बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण? १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी खुले पत्र लिहून निषेध केला. डेटनमध्ये निदान खटला झाला, दोन्ही बाजू बोलल्या, गावाने ऐकले. इथे साक्ष नाही, उलटतपासणी नाही. ब्रेडीचे हेतू साध्य झाले, तेही ब्रेडीला पिंजऱ्यात उभे न राहता.

यात एक विलक्षण योग आहे. छाटलेल्या धड्यात जो उरला तो ग्रेगर मेंडेल, अगस्तीनियन संघाचा मठवासी. मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढवून त्याने जे नियम शोधले, त्यांचाच आधार पुढे डार्विनच्या सिद्धांताला मिळाला. एकाला ठेवून दुसऱ्याला घालवले, तर मेंडेलही अर्धाच कळतो.

दोष मात्र केवळ पुस्तके करणाऱ्यांना देऊन चालणार नाही. पोप पायस बारावे यांनी १९५० सालीच देहाच्या उत्पत्तीविषयीचे संशोधन मोकळे ठेवले. आत्मा साक्षात परमेश्वराकडून येतो, हे मात्र त्यांनी निक्षून सांगितले. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही, असे मान्य केले. ही गोष्ट आमच्या किती धर्मशिक्षणवर्गांपर्यंत पोहोचली? आम्ही स्वतः कित्येक वर्षे 'मोठे झाल्यावर कळेल' म्हणून हा प्रश्न टाळला आहे. आमचे टाळणे आणि पुस्तकातील वगळणे यांत फारसा फरक नाही.

पुढल्या रविवारी त्या मुलीला आम्ही तिचे बालभारतीचे पुस्तक आणायला सांगितले. २०१८ साली आलेल्या त्या पुस्तकात दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. जीवाश्म, अवशेषांगे, प्लॅटिपससारखे दुवे, सारे त्यात आहे. आम्ही म्हणालो, "पेपरात हे निःशंक लिही. आपल्याकडे विहीर खणताना लागतो तो काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तो देवाविरुद्ध साक्ष देत नाही. हे कसे घडले ते तुझे पुस्तक सांगते. ज्याने घडवले त्याचे आपण कोण लागतो, ते उत्पत्तीचे पुस्तक सांगते. दोन प्रश्न वेगळे आहेत, म्हणून दोन पुस्तके." ती थोडी विचारात पडली. मग म्हणाली, "पण फादर, मग आदाम कोण?" त्यावर आम्हांला बराच वेळ बोलावे लागले, आणि सगळे सांगून झाले असे आम्ही म्हणणार नाही.

आमच्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. धर्मग्रामातील तरुण मंडळाने हा चित्रपट जरूर पाहावा, मात्र ब्रेडीला हसून घरी जाऊ नये. तिसरा साक्षीदार कोठे आहे, असे एकमेकांना विचारावे. आणि ज्यांच्या मुलांच्या पुस्तकात तो भाग नाही, त्या पालकांनी शेजारच्या मुलाचे पुस्तक मागून आणावे. त्या दिवशी परत जाताना मुलीने आपले पुस्तक भावाला दिले. आठ दिवसांनी तोही एक प्रश्न घेऊन आला.