पाहणारीची जागा

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी स्त्री आणि प्रसारमाध्यमे हा विषय घेतला होता. त्या संदेशात दोन गोष्टी होत्या. माध्यमांनी स्त्रीला उपभोगाची वस्तू म्हणून रंगवू नये, ही पहिली. ती आपल्या चांगलीच लक्षात राहिली. धर्मग्रामांतील व्याख्यानांतून या ना त्या निमित्ताने आपण ती ऐकत आलो. दुसरी मात्र मागे पडली. माध्यमांतील जबाबदारीच्या आणि सर्जनाच्या जागा स्त्रियांना मिळाव्यात, आणि तेथे त्यांनी पुरुषांची नक्कल न करता स्वतःच्या प्रज्ञेची मुद्रा उमटवावी, असेही पोपमहोदयांनी म्हटले होते. स्त्री पडद्यावर कशी दिसते, हा अर्धाच प्रश्न झाला. पडद्यावर काय दिसावे हे ठरत असताना ती कुठे उभी असते, हा उरलेला अर्धा.

हल्ली चित्रपट व दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या स्त्रियांसाठी कार्यशाळा, महोत्सव, परिसंवाद पुष्कळ होतात. लॉस एंजेलिसमध्ये १९७३ साली या कामासाठी संस्था निघाली. दिल्लीत २००५ पासून आशियाई स्त्रियांच्या चित्रपटांचा महोत्सव भरू लागला. हे सारे स्वागतार्ह आहे, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु समीक्षकाने स्वागतसमारंभात फार रेंगाळू नये. कार्यशाळा संपल्यावर कॅमेरा कुणाकडे राहिला आणि त्यातून कोणते चित्र निघाले, हे पाहिल्यावाचून तिचे मोल ठरत नाही.

अमेरिकेचेच उदाहरण घ्या. १९७४ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने जॅन हाग यांच्या पुढाकाराने स्त्री-दिग्दर्शकांसाठी कार्यशाळा सुरू केली. आरंभीच्या तुकडीत ली ग्रँट, एलन बर्स्टिन, माया अँजेलू यांच्यासारख्या नामवंत स्त्रिया होत्या. पुढे ली ग्रँट यांच्या ‘डाऊन अँड आऊट इन अमेरिका’ (१९८६) या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. तेव्हा शिक्षणात काही उणे होते असे नाही. पण १९७९ च्या सुमारास दिग्दर्शकांच्या संघटनेतील सहा स्त्रियांनी जुने कागद चाळले, तेव्हा आधीच्या ३० वर्षांत दिग्दर्शनाच्या एकूण कामांपैकी अवघा ०.५ टक्का भाग स्त्रियांच्या वाट्याला आल्याचे आढळले. संघटनेने १९८३ मध्ये दोन बड्या स्टुडिओंवर दावा लावला. जिच्यात पुरुषांचेच बहुमत आहे ती संघटना या प्रकरणी स्त्रियांचे प्रतिनिधित्व करू शकत नाही, असा निर्णय १९८५ मध्ये झाला आणि दावा तिथेच आटोपला. न्यायाधीश स्वतः स्त्री होत्या, हा त्यातला एक विचित्र योग. शिकवणारी खोली उघडी, कामाची दारे बंद.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? केरळातील चित्रपटव्यवसायाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सादर झाला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, तोही काटछाट करून, लोकांपुढे आला. त्यात लैंगिक छळाच्या कहाण्या आहेतच; पण चित्रीकरणाच्या जागी स्त्रियांना स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्यापुरता आडोसाही मिळत नाही, ही साधी तक्रारही आहे. अशा जागी जाण्यासाठी एखाद्या मुलीला तयार करणारी कार्यशाळा नेमके काय शिकवते?

म्हणून मला दुसऱ्याच दोन कार्यशाळांचे महत्त्व अधिक वाटते. त्यांचा कीर्तिघोष फारसा कानी येत नाही.

पहिली अहमदाबादची. इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेच्या निमंत्रणावरून १९८४ साली मार्था स्टुअर्ट ही अमेरिकन संपर्कतज्ज्ञ तेथे आली आणि तिने तीन आठवडे सुमारे वीस स्त्रियांना व्हिडिओ चित्रण शिकवले. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, हातमजुरी करणाऱ्या होत्या. पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. यंत्रावरील इंग्रजी शब्द वाचता येत नव्हते, म्हणून बटनांच्या जागा आणि खुणा त्यांनी ध्यानात ठेवल्या. त्यांच्यातील लीलाबेन दातानिया ही माणेक चोकात भाजी विकणारी बाई. तिने आपल्याच बाजारावर चित्रफीत केली. त्या चौकात बसण्याच्या हक्कासाठी ‘सेवा’ला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या चित्रणाचा अर्थ कळतो. बाहेरचा चित्रकार बाजारात रंग पाहतो, गर्दी पाहतो, एखादा सुरकुतलेला चेहरा टिपून नेतो. टोपलीमागे आयुष्य गेलेल्या बाईला ती टोपली नजरेला सुखद वाटत नाही. तिच्या दृष्टीने तो तिच्या जागेचा, आणि म्हणून तिच्या हक्काचा, पुरावा असतो. स्त्रीची साक्ष वायफळ मानण्याची रीत फार जुनी आहे. रिकाम्या कबरीची वार्ता घेऊन आलेल्या मग्दालीया मरियेवर आणि तिच्या सोबतिणींवर प्रेषितांनीही प्रथम विश्वास ठेवला नव्हता. अधिकाऱ्यांच्या दारात जिचे बोलणे कलकलाट ठरते, तिच्या हाती चित्रफीत आली की निदान ती पाहावी तरी लागते. तीन आठवड्यांनी कार्यशाळा संपली. ‘व्हिडिओ सेवा’ मात्र पुढे अनेक वर्षे काम करीत राहिली.

दुसरी आज तेलंगणात असलेल्या जहीराबादजवळच्या पस्तापूरची. तेथील डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने गावोगावच्या दलित शेतकरी-मजूर स्त्रियांचे संघम उभे केले होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांतल्या काही स्त्रिया कॅमेरा शिकल्या. शिकताना त्यांनी चित्रणाच्या कोनांना आपल्या जगण्यातली नावे दिली. समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा धरून घेतलेल्या चित्राला त्या ‘संघम शॉट’ म्हणतात; कारण संघमात सगळ्या एकाच जमिनीवर बसतात, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. चित्रपटशास्त्राची जाडजूड पुस्तके मी थोडीफार चाळली आहेत. कॅमेऱ्याचा कोन म्हणजे माणसामाणसांतले नाते, ही गोष्ट इतक्या थोडक्यात सांगितलेली मला त्यांत आढळली नाही.

या स्त्रियांनी वरंगळच्या कापूस शेतकऱ्यांवर २००३ साली केलेला बीटी कापसाचा माहितीपट गाजला. त्यातला निष्कर्ष संस्थेच्या भूमिकेशी इतका जुळता आहे की, चित्र आधी की मत आधी, असा प्रश्न पडतो. चळवळीच्या चित्रपटांचा हा नेहमीचा दोष. प्रेक्षकाला स्वतः काही शोधायला ते फारशी जागा ठेवीत नाहीत. तरीही त्यात एक गोष्ट अशी आहे जी शहरातून आलेल्या पथकाला साधत नाही. हंगामभर, महिन्यामागून महिना, त्या त्याच शेतकऱ्यांकडे जात राहिल्या. शेतीचा काळ ठाऊक असलेल्या बाईलाच एवढी वाट पाहणे सुचते.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. पुण्यातील ईशवाणी केंद्र हे एस.व्ही.डी. धर्मसंघाचे. ऐंशीच्या दशकात तेथे ‘स्त्रीवाणी’ हा अभ्यासप्रकल्प चालला आणि सुमित्रा भावे या समाजकार्य शिकवणाऱ्या बाई त्यात काम करीत होत्या. कष्टकरी स्त्रियांशी त्यांनी तासन्‌तास बोलून माहिती गोळा केली. आठ दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचे त्यांचे पुस्तक १९८८ मध्ये दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूट या येशूसंघीय संस्थेने इंग्रजीत प्रसिद्ध केले. पण अडचण अशी की, ज्यांनी बोलून दाखवले त्यांनाच ते वाचता येणार नव्हते. या अडचणीतून ‘बाई’ (१९८५) हा लघुपट झाला. चित्रपटाचे कोणतेही औपचारिक शिक्षण नसलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीची ही पहिलीच कृती. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या ख्रिस्ती संस्थेच्या छपराखाली मराठी चित्रपटातील एक मोठी दिग्दर्शिका उभी राहिली, आणि तिच्या निधनानंतर, २०२१ मध्ये, आपल्यापैकी किती जणांना हे आठवले?

सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘दोघी’ (१९९५) या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे. हलाखीत सापडलेल्या घरातली थोरली मुलगी गौरी मुंबईला धाडली जाते आणि तिला देहविक्रय करावा लागतो. तिच्या पैशावर घर चालते. पण धाकट्या कृष्णाच्या लग्नासाठी ती परतते तेव्हा आईला तिचा स्पर्श नकोसा होतो. एखाद्या प्रचारपटाने इथे आईला खलनायिका केले असते. उत्तरा बावकरांनी उभी केलेली ही आई तशी नाही. ती निष्ठुर वागते, आणि तिच्या निष्ठुरपणामागची भीती आपल्याला समजते. पस्तापूरच्या बायांची कसोटी मी येथे लावतो. पीडितेच्या डोळ्यांना डोळा भिडवणे त्या मानाने सोपे असते. जी पीडा देते तिच्याकडेही वरून न पाहणे अवघड. ‘दोघी’ला हे साधले आहे. जिने वर्षानुवर्षे स्त्रियांसमोर जमिनीवर बसून ऐकले, तिलाच ते साधते असे मला वाटते. अर्थात सुमित्राबाईंच्या उत्तरकाळातील काही चित्रपटांत पात्रे थोडी जास्तच समजूतदारपणे बोलतात, हेही नमूद करायला हवे. समाजकार्याची ती जुनी सवय पूर्णपणे सुटली नव्हती.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सभागृहात महिलांसाठी माध्यम-कार्यशाळा झाली. कुठल्या संस्थेची ते सांगत नाही. पडद्यावर कोणत्या रंगाची साडी उठून दिसते, माईक तोंडापासून किती दूर धरावा, कॅमेऱ्याकडे बघून कसे बोलावे, हे तिथे दिवसभर शिकवले गेले. कॅमेरा दोन तरुणांच्या ताब्यात होता. आमच्या शेजारच्या काकींनी, जरा आत डोळा लावून बघू का, असे विचारले. ‘नंतर’, असे उत्तर मिळाले. नंतर जेवण झाले, प्रमाणपत्रे वाटली, सामूहिक छायाचित्र निघाले आणि कॅमेरा पेटीत बंद होऊन शहराकडे परत गेला.

काकींकडे आता मुलाने दिलेला मोबाईल आहे. गेल्या सणाला मिस्सा आणि मिरवणूक यांचे चित्रण करायला भाड्याचे पथक आले होते. काकी मंडपामागे मोठी पातेली घासणाऱ्या बायांमध्ये पाटावर बसल्या आणि तिथूनच त्यांनी तीन मिनिटांचे चित्रण केले. ते मी पाहिले. हात थरथरतो, बोलणे बँडच्या आवाजात बुडून जाते, आणि एकीने कॅमेऱ्याकडे न बघताच म्हटले आहे की, वेदीवरची फुलेही आम्हीच लावली. भाड्याच्या पथकाची सीडी प्रत्येक घरी पोहोचली आहे. हे चित्रण अजून काकींच्या मोबाईलमध्येच आहे.