ताजचे वीर आणि जुन्नरचे यजमान

रोहित देशपांडे व अंजली रैना या उभयतांचा 'द ऑर्डिनरी हीरोज ऑफ द ताज' हा लेख 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकाच्या डिसेंबर २०११ च्या अंकांत प्रसिद्ध झाला. व्यवस्थापनशास्त्रावरील लेखांना सहसा जें आयुष्य लाभतें त्याहून याला पुष्कळच अधिक लाभलें आहे. हॉटेलच्या धंद्यांत नेतृत्व म्हणजे काय, असा प्रश्न निघाला कीं याचा दाखला हटकून दिला जातो. आणि हल्लीं जुन्नर-आंबेगांवकडे एखादें नवें विश्रामगृह काढणारा मालकहि 'आपल्याकडे सगळें ताजसारखें' असें म्हणतांना आढळतो. जो लेख इतक्या दूरवर पोंचला त्याची परीक्षा आमच्या मुलखाच्या बाजूनें एकदां व्हावी, एवढाच या लिहिण्याचा हेतु.

लेखांतील प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर सशस्त्र हल्ला झाला. १९०३ सालीं उघडलेल्या या वास्तूंतल्या मागच्या वाटा, जिने व दारें ज्यांना ठाऊक होतीं ते तेथले नोकरच पळून गेले नाहींत. त्यांनीं पाहुण्यांना आधीं बाहेर काढलें, त्यांच्याभोंवतीं स्वतःच्या देहांची भिंत केली, आणि त्यांपैकीं कित्येक प्राणांस मुकले. असें करा म्हणून कोणीं हुकूम सोडला नव्हता. मग हें घडलें कसें? लेखक मुख्यतः तीन कारणें देतात. ताज नोकर निवडतांना महानगरांपेक्षां लहान शहरांना पसंती देतें, कारण वडीलधाऱ्यांविषयीं आदर, नम्रता, प्रामाणिकपणा हे गुण तेथें अजून टिकून आहेत. इतरत्र १२ महिन्यांत उरकणारें शिक्षण ताज १८ महिने देतें, आणि पाहुण्याच्या हिताचा निर्णय वरिष्ठांस न विचारतां घेण्यास शिकवितें. शिवाय चांगल्या कामाची दाद तें विलंब न लावतां देतें.

तिसऱ्या कारणाविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. दुसरें आम्हांस खरें मर्म वाटतें. पहिलें मात्र आम्हांस पटत नाहीं, आणि दुर्दैवानें लहान मालकांनीं उचललें आहे तें नेमकें तेंच.

लहान गांव म्हणजे सद्‌गुणांचें कोठार, ही कल्पना शहरांत राहणाऱ्यांस फार सुखावते. ज्यानें नारायणगांवचा टोमॅटोचा बाजार सकाळीं एकदां पाहिला आहे त्याला तेथला तरुण विशेष नम्र असतो असें वाटणार नाहीं. तो भावासाठीं भांडतो, आडत्याच्या तोंडावर बोलतो, माल परत गाडींत चढवितो. सोळाव्या वर्षीं रात्रीं एकटा पाणी धरायला गेलेला हा मुलगा कांदा कधीं काढावा, ट्रॅक्टर कोणाचा सांगावा, हे निर्णय घेत वाढलेला असतो. हॉटेलांत तो जर कांहीं गुण घेऊन येत असेल तर तो निर्णय घेण्याच्या संवयीचा होय. त्याला नम्रता हें नांव देणें म्हणजे त्याचें अर्धें मोल बुडविणें. शिवाय नम्रता या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाहुण्याचें आधीं पाहणारा तोहि नम्र, आणि उलट उत्तर न देणारा तोहि नम्र. लेखकांना पहिला अर्थ अभिप्रेत आहे यांत शंका नाहीं. पण नोकर ठेवणाऱ्या मालकाला दुसरा अधिक सोयीचा पडतो.

दोन पावसाळ्यांपूर्वीं जुन्नरच्या पश्चिमेस डोंगराच्या कुशींतल्या एका विश्रामगृहांत आम्ही सहकुटुंब उतरलों होतों. जागा देखणी, खोल्या स्वच्छ, वाढणारा मुलगा शेजारच्याच वाडीचा. बरोबरच्या वृद्ध आत्याबाईंना तेथली झणझणीत मिसळ सोसण्यासारखी नव्हती. त्यांनीं थोडा मऊ भात व ताक मागितलें. भात आंत शिजत होता, त्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. तरी मुलगा म्हणाला, "मालकांना विचारून सांगतो." मालक पुण्यास. पाऊण तास फोन लागला नाहीं, आणि आत्याबाई बिस्किटांवर राहिल्या. त्या मुलाच्या घरीं त्या गेल्या असत्या तर त्यानें कोणास न विचारतां चूल पेटवायला सांगितलें असतें. त्याची नम्रता शाबूत होती. अधिकार तेवढा काढून घेतलेला होता. आगमनाच्या दालनांत मालकांची मोठी तसबीर होती, हें जातां जातां नमूद करतों. नाणेघाटांतल्या लेण्यांतहि तीन बाजूंनीं वाटसरूंना बसायला दगडी बाक आणि समोर सातवाहन राजघराण्याच्या मूर्ति होत्या. आज त्यांचे पाय तेवढे उरले आहेत.

रिट्झ-कार्लटन या अमेरिकन हॉटेलसंस्थेचा एक नियम प्रसिद्ध आहे: पाहुण्याची अडचण निवारण्यासाठीं कोणाहि नोकरास, वरिष्ठांची परवानगी न घेतां, एका पाहुण्यामागें २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे. एवढी रक्कम क्वचितच लागत असेल. पण विश्वासाला आंकडा जोडला कीं तो भाषणांतून उतरून कामांत येतो. आमच्या मुलाला एक वाटी भाताइतका अधिकार पुरला असता.

मात्र हा सारा विचार 'हो' म्हणण्याच्या अधिकारापुरताच आहे, आणि ताजवरील लेखाचेंहि आम्हांस हेंच उणें वाटतें. पाहुण्याला 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तो विचारीत नाहीं. आमच्या भागांत तो रोज संध्याकाळीं उभा राहतो. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनीं पाणी आणलें, पाण्यानें ऊस आणला, आणि उसांत बिबट्या घर करून राहिला. जुन्नर वनविभागांत माणसें दगावलीं आहेत. माणिकडोहला बिबट्यांचें निवारा केंद्रच आहे. अशा ठिकाणीं पाहुण्याला देव मानण्याचें वचन भिंतीवर लावून भागत नाहीं.

आंबेगांव तालुक्यांत, डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला, एका शेतकऱ्याच्या घरीं आम्ही मित्रमंडळींसह राहिलों होतों. दिवेलागणीच्या सुमारास घरची बाई अंगणांत आली व म्हणाली, "काका, पोरं आत घ्या आता. उसाकडं कुणी जायचं न्हाई." आमच्यांतले एक गृहस्थ मोठ्या हुद्यावरून निवृत्त झालेले. चांदण्यांत फिरण्यासाठींच पैसे मोजून आलों, असें ते म्हणाले. बाई शांतपणें उत्तरली, "पैशे सकाळी परत घ्या दादा, पर आता आत चला." सगळे आंत गेले, गृहस्थहि गेले. उत्पन्नावर पाणी सोडण्याची तयारी ठेवून पाहुण्याच्या जिवाचा निर्णय जागच्या जागीं घेणें हें ताजच्या १८ महिन्यांच्या शिक्षणाचें सार; या बाईला तें कोणीं शिकविलें नव्हतें. घर तिचें होतें, म्हणून अधिकार तिचा होता.

राज्यशासनानें २०१८ सालीं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलें, २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरणहि आलें. राजुरीच्या 'पराशर'सारखीं केंद्रें नांवारूपास आलीं आहेत. धंदा वाढणार, आणि वाढावाहि. परंतु सातबारा बहुधा पुरुषाच्या नांवें, पाटीवर त्याचा फोन, हिशेबाची वही त्याच्या हातीं. पाहुणे ज्या हातची भाकरी आठवीत घरीं जातात त्या बाईचा रोज कोणत्याच खात्यावर पडत नाहीं. उद्यां दोन खोल्यांच्या वीस झाल्या, पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांतून मुलें-मुली कामाला आलीं, कीं ही बाई स्वयंपाकीण होईल आणि अंगणांत व्यवस्थापक उभा राहील. त्याला 'नाहीं' म्हणतां येईल काय? एका नाराज पाहुण्याची झळ ताजला लागत नाहीं. ज्यानें खोल्यांसाठीं कर्ज काढलें त्याला हंगामभर लागते. मोठ्या भांडवलाच्या आधारानें दिलेला अधिकार लहान मालकानें कसा द्यावा, हें या लेखांत सांपडत नाहीं, आणि मराठींतहि तें कोणीं लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. लिहावयाचें झाल्यास असामान्य रात्रीपेक्षां श्रावणांतल्या एखाद्या गर्दीच्या रविवारचा वृत्तांत अधिक उपयोगी पडेल.

त्या घरीं सकाळीं हिशेब झाला तेव्हां निवृत्त गृहस्थांनीं पुरते पैसे मोजले आणि डिसेंबरसाठीं खोल्या राखून ठेवायला सांगितलें. यजमान वही उघडूं लागले. आंतून बाई म्हणाली, "डिसेंबरात जमायचं न्हाई, नणंदेचं लगीन हाय." यजमानांनीं वही मिटली.